स्मरणशक्तीची तालीम

तालमीत जोर-बैठका काढून कमावलेले शरीर केवळ कुस्तीपुरतेच उपयोगी पडते असे नाही. तोच गडी धान्याची पोती पाठीवर घेतो, चिखलात रुतलेल्या गाडीचे चाक वर उचलतो, प्रसंगी दहा कोसांची मजलही मारतो. शरीराच्या बाबतीत नित्य दिसणारा हा अनुभव माणसाने फार पूर्वीच मनालाही लावून टाकला. जोर काढल्याने जसे दंड भरतात, तशी पाठांतराने स्मरणशक्ती भरते, आणि एकदा ती भरली म्हणजे मग वेद असो, व्यापार असो की वकिली असो, सर्व ठिकाणी ती सारखीच राबते, असा हा समज होय. ह्या समजावर शेकडो वर्षे शाळा चालल्या, छड्या मोडल्या आणि आजही शिकवण्या चालतात. तो खरा आहे किंवा कसे, हे पाहावयाचे मात्र अगदी अलीकडेपर्यंत कोणाच्या मनात आले नाही.

बीड जिल्हा सन १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता. सरकारी शाळांतील वरच्या इयत्तांचे शिक्षण उर्दूतून होई. परंतु वाण्याच्या दुकानातला हिशेब, घरातला जमाखर्च आणि पंतोजीच्या शाळेतील उजळणी ही मराठीच राहिली. त्या उजळणीचा कळस म्हणजे अपूर्णांकांचे पाढे. पावकी हा पावपटीचा पाढा, निमकी अर्धपटीचा, पाऊणकी पाऊणपटीचा. त्यांवर सवायकी, दिडकी, अडीचकी, आणि सर्वांत शेवटी साडेतीनपटीची औटकी. तिन्हीसांजेला मुलांनी ओळीने उभे राहून हे पाढे तालासुरावर म्हणावयाचे, आणि आठ औट अठ्ठावीस हे उत्तर विचार करून नव्हे, तर श्वासासारखे आपोआप बाहेर पडले पाहिजे, अशी अपेक्षा असे.

आजच्या मुलाला ही निव्वळ छळणूक वाटेल. परंतु त्या काळच्या बाजारात जाऊन उभे राहिले म्हणजे तिचे मर्म ध्यानात येते. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार. शेराचे छटाक सोळा, मणाचे शेर चाळीस. ह्या सर्व संख्यांना चाराने निःशेष भाग जातो, म्हणून पाव, अर्धा व पाऊण ही त्या बाजाराची बोलीच होती. पावणेदोन रुपये भावाने साडेतीन मण ज्वारीचे किती, हा प्रश्न कागदावर सोडवीत बसणाऱ्याच्या हातून गिऱ्हाईक निघून जाई. बीडच्या व्यापाऱ्याला तर आणखी एक फेरा असे. संस्थानात हाली सिक्का चाले, आणि शेजारचा अहमदनगर जिल्हा इंग्रजी अंमलाखाली असल्याने तेथे कलदार रुपया लागे. सात हालीचे सहा कलदार, असा साधारण हिशेब होता. आष्टी-पाटोद्याकडून नगरच्या पेठेत माल नेणाऱ्याला भाव, वजन आणि नाणे अशी तिहेरी गणिते तोंडी करावी लागत. अशा माणसाला औटकी हा बुद्धीचा अलंकार नव्हता. ते त्याचे अवजार होते.

पण अवजाराची स्तुती करताना माणसे थोडी पुढे गेली. औटकी पाठ असलेला मुलगा हिशेबाला पक्का असतो, एवढे म्हणून न थांबता, औटकीने बुद्धी तल्लख होते, असे म्हटले जाऊ लागले. ह्या दोन विधानांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि पुढील सर्व इतिहास त्या अंतराचाच आहे.

पहिल्या विधानाची परीक्षा इतिहासानेच घेतली. दिनांक १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नये पैसे झाले. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर-मण जाऊन किलोग्रॅम आला. एका आण्याचे सव्वासहा नये पैसे होत; पाव पैसा कोणी द्यावा-घ्यावा कसा? म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याला ६, दोनांना १२, तीनांना १९ आणि चारांना २५ असे आकडे ठरवून द्यावे लागले. ज्या जमिनीवर पावकी-औटकी उभी होती, ती जमीनच सरकली. थोड्याच वर्षांत हे पाढे क्रमिक पुस्तकांतून मागे पडले, आणि जुन्या मंडळींनी हळहळ व्यक्त केली की, पाढे गेले तशी मुलांची बुद्धीही बोथट झाली. 

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. चार आणे आणि पंचवीस पैसे ह्यांची किंमत एकच राहिली. त्यामुळे पाऊणकी पाठ असलेल्या माणसाला पंचाहत्तर पैशांना एक ह्या दराने चोवीस लिंबांचे अठरा रुपये हे १९५७ नंतरही चटकन सांगता येई. शेकडा पंचवीस, शेकडा पंचाहत्तर हेही त्याला सोपे जाई. जेथे नव्या कामात जुन्या कामाचा अंश शिल्लक होता, तेथे जुने पाठांतर उपयोगी पडले. जेथे तो अंश उरला नाही, तेथे त्याचा काही उपयोग झाला नाही. हीच गोष्ट पुढे शास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखविली. किंबहुना, काहींनी ती त्यापूर्वीच दाखविली होती.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यापक विल्यम जेम्स ह्यांनी सन १८९० मध्ये मानसशास्त्रावरील आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी स्वतःवरच केलेला एक प्रयोग नमूद केला आहे. आठ दिवसांत त्यांनी व्हिक्टर ह्यूगोच्या एका दीर्घ काव्याच्या १५८ ओळी पाठ केल्या. त्याला एकंदर १३१ मिनिटे व वर थोडे सेकंद लागले. नंतर स्मरणशक्तीला तालीम म्हणून त्यांनी ३८ दिवस खर्चून मिल्टनच्या महाकाव्याचा पहिला सर्ग मुखोद्गत केला. एवढी मेहनत झाल्यावर ते पुन्हा ह्यूगोकडे वळले आणि पुढच्या १५८ ओळी घेतल्या. ह्या वेळी लागली साडेएकशे एक्कावन्न मिनिटे! वेळ घटण्याऐवजी वाढली. ह्या दुसऱ्या खेपेला आपण इतर कामांनी थकलेले होतो, हेही जेम्स ह्यांनी प्रांजळपणे सांगितले आहे, आणि इतर काहींकडून करविलेल्या अशाच प्रयोगांत थोडी सुधारणा दिसल्याचेही नोंदविले आहे. एका माणसाच्या एका प्रयोगाने सिद्धान्त ठरत नाही हे खरे. परंतु जी गोष्ट शेकडो वर्षे गृहीत धरली गेली, ती घड्याळ लावून पाहण्याचे धैर्य तरी त्यातून आले.

त्यानंतर अकरा वर्षांनी, १९०१ साली, एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ ह्या दोघांनी डोळ्याच्या अंदाजावर प्रयोग केले. कागदाचे आयत दाखवावयाचे आणि त्यांचे क्षेत्रफळ नुसते पाहून सांगावयास लावावयाचे. सरावाने माणसे ह्या कामात चांगलीच तरबेज झाली. मग त्याच माणसांपुढे निराळ्या आकाराचे आणि निराळ्या मापाचे तुकडे ठेवले, तेव्हा कमावलेल्या कौशल्याचा बराच भाग गळून पडला. ह्यावरून थॉर्नडाइकने असे मत मांडले की, दोन कामांत जेवढे घटक समान असतील, तेवढ्यापुरतीच एकाची तालीम दुसऱ्याला लाभते. १९२४ साली त्याने साडेआठ हजारांवर शाळकरी मुलांची तपासणी करून लॅटिनसारखे ‘बुद्धीला धार लावणारे’ म्हणून गाजलेले विषय इतर विषयांपेक्षा काही अधिक धार लावीत नाहीत, असे दाखवून दिले. विलायतेत जे स्थान लॅटिनचे, ते आपल्याकडे अनेक घरांतून अमरकोश आणि रूपावलीचे होते. तेथील शिक्षकांना ह्या निष्कर्षाने जो धक्का बसला असेल, त्याची कल्पना येथील शास्त्रीबोवांना सहज करता आली असती.

पाठांतराचा विषय निघाला म्हणजे वैदिकांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. संहिता, पद, क्रम, जटा असे करीत घनपाठापर्यंत पोहोचलेला वैदिक मंत्रातील शब्द एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन अशा क्रमाने उलटसुलट गुंफीत जातो, आणि एक स्वरही चुकू देत नाही. २०१६ साली जेम्स हार्टझेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील २१ वैदिकांच्या मेंदूची यंत्राने चित्रे घेऊन इतरांशी तुलना केली. भाषा आणि स्मृती ह्यांच्याशी संबंध असलेल्या काही भागांत वैदिकांच्या मेंदूचा करडा थर अधिक भरलेला आढळला. ही वार्ता प्रसिद्ध होताच, वेदपठणाने सर्वांगीण बुद्धी वाढते हे शास्त्राने सिद्ध झाले, असा गाजावाजा काही ठिकाणी झाला. अभ्यासात तसे काही नव्हते. मेंदूचा एखादा भाग भरलेला असणे वेगळे, आणि त्या माणसाला गणित किंवा वैद्यक अधिक चांगले येणे वेगळे. शिवाय ती तुलना एकाच वेळच्या दोन गटांची होती. वैदिकांचे महत्त्व कमी करण्याचा येथे प्रश्न नाही. अडीच-तीन हजार वर्षे एक वाङ्मय लेखणीवाचून जतन करणे हे काम स्वतःच इतके मोठे आहे की, त्याला दुसऱ्या लाभाचे शिफारसपत्र नको.

मुंबईत सन १८९१ मध्ये एक प्रसंग घडला, तोही येथे सांगण्याजोगा आहे. विलायतेहून नुकतेच परतलेले गांधीजी रायचंदभाई ह्या शतावधानी जवाहिऱ्याला भेटले. एकाच वेळी शंभर गोष्टींकडे लक्ष पुरवून त्या क्रमाने परत सांगणे, ह्याला शतावधान म्हणतात. आपल्याला येत असलेल्या युरोपीय भाषांतील शब्दांचा साठा गांधीजींनी त्यांच्यापुढे रिता केला, आणि रायचंदभाईंनी ते सर्व शब्द दिल्या क्रमाने परत म्हणून दाखविले. गांधीजींना ह्या शक्तीचा हेवा वाटला. परंतु आपण त्यांच्याकडे ओढले गेलो ते ह्या शक्तीमुळे नव्हे, असे त्यांनी आत्मकथेत स्पष्ट लिहून ठेवले आहे. ओढले गेले ते त्यांच्या शास्त्रज्ञानाने, निर्मळ चारित्र्याने आणि आत्मदर्शनाच्या तळमळीने. आणि स्वतः रायचंदभाईंनी तर अवधानाचे जाहीर प्रयोग तरुणपणीच सोडून दिले होते.

येथपर्यंतचा विचार बहुतेक कानाच्या पाठांतराचा झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शास्त्रज्ञांचे लक्ष डोळ्याच्या स्मृतीकडे वळले, आणि प्रश्न अधिक नेमका झाला. १९७४ साली अ‍ॅलन बॅडले आणि ग्रॅहम हिच ह्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी कार्यस्मृतीची कल्पना मांडली. कायमचे पाठ करून ठेवलेले ते निराळे, आणि काम चालू असेपर्यंत क्षणभर मनात धरून ठेवलेले ते निराळे. हातचा एक धरणे ही कार्यस्मृती होय. हिचा एक भाग शब्द धरतो, दुसरा चित्र धरतो. पैकी चित्र धरणारा भाग किती मोठा आहे, ह्याचे उत्तर स्टीव्हन लक आणि एडवर्ड व्होगेल ह्यांनी १९९७ साली दिले. रंगीत चौकोन क्षणमात्र दाखवून झाकावयाचे, आणि पुन्हा दाखवून त्यांत काही बदल झाला का, असे विचारावयाचे. तीन-चार चौकोनांपर्यंत माणसे फारशी चुकत नाहीत. पुढे मात्र चुका झपाट्याने वाढतात. सरासरी माणसाच्या मनःचक्षूंपुढील पाटी चार वस्तूंची, एवढीच.

अंबाजोगाईच्या दासोपंतांनी हे मोजले नव्हते, पण त्यांनी जे केले ते ह्या मर्यादेला दिलेले उत्तरच म्हटले पाहिजे. सन १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. पंचीकरणाचा विषय असा की, पंचमहाभूतांपैकी प्रत्येकाचा अर्धा भाग त्याच्यापाशी राहतो आणि उरलेल्या अर्ध्याचे चार वाटे होऊन इतर चौघांत मिसळतात. अशी पाच पंचे पंचवीस घरे होतात, आणि प्रत्येक घरात शरीर व मन ह्यांतील एकेक तत्त्व बसते. ही पंचवीस घरे चार वस्तूंच्या पाटीवर मावणार कशी? दासोपंतांनी ती मनात कोंबण्याचा हट्ट न धरता लांबच लांब वस्त्रावर आकृत्यांसह लिहून काढली. दासोपंतांची पासोडी म्हणून ती प्रसिद्ध आहे. ओवीवर ओवी रचण्याची अफाट शक्ती ज्यांच्या ठिकाणी होती, त्यांना कापड पसरावेसे वाटले, ह्यात विचार करण्यासारखे पुष्कळ आहे.

परंतु मग प्रश्न असा येतो की, ही चारांची पाटी सरावाने आठांची करता येईल काय? आणि झाली, तर त्या वाढीव जागेत दुसरे काहीही मांडता येईल काय? ह्या दोन प्रश्नांपैकी पहिल्याला उत्तर ‘होय’ असे वाटावे, असे एक उदाहरण १९८० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. एका विद्यार्थ्याने सुमारे वीस महिन्यांत २३० तास सराव केला, आणि एकदाच ऐकून सात अंक सांगणारा तो मुलगा ७९ अंक सांगू लागला. मग त्याला अंकांऐवजी अक्षरे दिली. तो सहावर आला! वाढ झाली होती ती पाटीची नव्हे. तो धावण्याच्या शर्यतींतला गडी होता. अंकांचे गट पाडून ते शर्यतीतील वेळा म्हणून तो लक्षात ठेवी, आणि अक्षरांच्या शर्यती नसतात. भारतातील राजन महादेवन ह्यांनी १९८१ साली मंगळूर येथे पाय ह्या गुणोत्तराचे ३१,८११ अंक म्हणून दाखविले होते. पुढे शास्त्रज्ञांनी त्यांच्यापुढे अंकांऐवजी खुणाचिन्हे ठेवली, तेव्हा तेही सुरुवातीला सामान्य विद्यार्थ्याप्रमाणे सहाच्या आसपासच अडले. बुद्धिबळाचेही तसेच. खऱ्या डावातील मांडणी पाच सेकंद पाहून तज्ज्ञ खेळाडू पटावर ती बरीचशी जशीच्या तशी मांडतो. सोंगट्या वाटेल तशा विखरून ठेवल्या, तर त्याचे आणि नवशिक्याचे जवळजवळ सारखेच होते. चेस आणि सायमन ह्यांनी हे १९७३ मध्ये दाखविले. तज्ज्ञाचा डोळा मोठा नसतो. त्याला तो डाव ओळखीचा असतो.

सन २००२ मध्ये मात्र स्वीडनमधून आशेची बातमी आली. तॉर्केल क्लिंगबर्ग ह्यांनी चंचल, लक्ष न लागणाऱ्या मुलांना संगणकावर चित्रस्मृतीचा सराव दिला. मुले सरावाच्या खेळात तर सुधारलीच, पण आकृत्यांच्या कोड्यांतही, म्हणजे ज्यांनी बुद्धिमत्ता मोजतात अशा कसोटीतही, पुढे गेली. मुले अवघी चौदा होती. २००८ साली सुझान येगी आणि तिच्या सहकाऱ्यांनी तरुणांवर असाच दावा केला. पडद्यावर चौकोन निरनिराळ्या जागी उमटतो, कानावर अक्षर पडते, आणि दोन, तीन, चार पायऱ्यांमागे काय होते हे सतत ध्यानात ठेवावयाचे, असा तो खेळ. ह्या दाव्याने जगभर खळबळ उडाली, कारण बुद्धी जन्मजात ठरलेली असते ह्या निराशेला त्यात उत्तर दिसत होते. ज्यांच्या घरात पुस्तक नाही, वडील निरक्षर आहेत, त्या मुलालाही महिनाभराच्या खेळाने बरोबरीला आणता येईल, ही कल्पना कोणाला मोहक वाटणार नाही?

पण ती टिकली नाही. २०१० साली इंग्लंडमध्ये ११,४३० माणसांनी सहा आठवडे संगणकावर बुद्धीचे खेळ खेळले. ज्या खेळाचा सराव केला त्यात ती सुधारली. त्याच्याशी मिळत्याजुळत्या इतर कसोट्यांतसुद्धा फरक पडला नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत टॉमस रेडिक ह्यांनी येगीच्या प्रयोगाची फेरतपासणी केली. ह्या खेपेला तुलनेसाठी दुसऱ्या एका गटालाही तेवढाच वेळ निराळे काम दिले होते, म्हणजे नुसत्या उत्साहाने होणारा फरक बाजूला पडावा. तब्बल सतरा कसोट्या लावूनही बुद्धिमत्तेत वाढ दिसली नाही. त्याच वर्षी मोनिका मेल्बी-लेर्वॉग आणि चार्ल्स ह्यूम ह्यांनी तोवरचे २३ अभ्यास एकत्र करून पाहिले. सरावासारख्याच कसोटीत तात्पुरता लाभ. वाचन, गणित वा सामान्य बुद्धी ह्यांत नाही. २०१६ साली अमेरिकेत अशा खेळांची भरमसाट जाहिरात करणाऱ्या एका कंपनीला तेथील व्यापारविषयक आयोगाशी तडजोड म्हणून वीस लाख डॉलर भरावे लागले.

हे सर्व परदेशातील झाले. आपल्या शेजारच्या गुजरातेत, बडोद्यास, ह्या प्रश्नाची जी परीक्षा झाली, ती बीडच्या पालकांना अधिक जवळची वाटेल. कारण ती मण्यांच्या गणिताची होती. अ‍ॅबॅकसच्या शिकवण्या आज तालुक्याच्या गावीही पोहोचल्या आहेत. ह्या जपानी पाटीवर प्रत्येक सळईला वर पाचाचा एक मणी आणि खाली एकेकाचे चार मणी असतात. प्रथम मूल खरे मणी हलविते. मग पाटी काढून घेतात, आणि मूल डोळे मिटून मनातले मणी हलविते. सत्तावीस अधिक पंधरा करावयाचे तर दशकाच्या सळईवर दोन मणी, एककावर पाचाचा एक व खाली दोन, असे चित्र उभे करावयाचे, दशकात एक वाढवावयाचा, एककात पाच मिळविताना पाचाचा मणी मागे सारून दशकात आणखी एक चढवावयाचा, उरले बेचाळीस. बोटे हवेत नाचत असतात आणि उत्तर पुढे येते. पाहणाऱ्याला हा चमत्कारच वाटतो, आणि दृश्य कार्यस्मृतीची ह्याहून शुद्ध तालीम दुसरी नसेल.

मायकेल फ्रँक आणि डेव्हिड बार्नर ह्यांनी गुजरातेतील अशा मुलांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की, मूल एकेक सळई ही एक वस्तू म्हणून मनात धरते, आणि अशा सळया तीन-चारच मावतात. म्हणजे चारांची पाटी वाढली नव्हती. त्याच चार घरांत मांडणी अधिक हुशारीने केली होती. पुढे बार्नर व सहकाऱ्यांनी बडोद्याच्या एका शाळेतील २०४ मुले घेतली, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत वाटणी केली, एका गटाला मण्यांचे गणित व दुसऱ्याला तेवढेच तास नेहमीचे जादा गणित शिकविले, आणि हे तीन वर्षे चालविले. निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. मण्यांचा गट अंकगणितात पुढे गेला, हे निश्चित. मात्र चित्रस्मृती, लक्ष, तर्क ह्या मूळ शक्तींत दोन्ही गट सारखेच राहिले. आणि ज्या मुलांची चित्रस्मृती प्रथमपासूनच चांगली होती, त्यांनाच मण्यांचा लाभ अधिक झाला. तालमीने शक्ती आली नव्हती. शक्ती होती त्यांना तालीम मानवली.

लाभ होत नाही तर नाही, निदान तोटा तरी नाही, असे कोणी म्हणेल. तेही पूर्णपणे खरे नाही. लंडनच्या टॅक्सीचालकांना शहरातील हजारो रस्ते पाठ करावे लागतात. त्यांच्या मेंदूतील जागेच्या स्मृतीचा एक भाग वाढलेला असतो, हे एलेनॉर मॅग्वायर हिने २००० साली दाखविले, आणि त्याचा पुष्कळ बोलबाला झाला. परंतु पुढच्या तपासणीत असेही आढळले की, एखादी नवी गुंतागुंतीची आकृती पाहून काही वेळाने आठवणीने काढण्यात हेच चालक इतरांपेक्षा कमी पडतात. ह्या बातमीचा मात्र तितका बोलबाला झाला नाही.

भाषेच्या बाबतीतही असेच बंधन दिसते. रशियन आणि इंग्रजी दोन्ही भाषा अवगत असलेल्या माणसांना एका भाषेत नेमक्या बेरजा शिकविल्या, तर दुसऱ्या भाषेत त्याच बेरजा सांगावयास त्यांना अधिक वेळ लागतो, असे २००१ साली आढळले. मराठीत औटकी शिकून उर्दूत गणित सोडविणाऱ्या निजामी अमलातील बीडच्या मुलांना काय यातायात पडली असेल, ह्याचा अंदाज ह्यावरून करता येतो.

ह्या सर्व शोधांचा बीड जिल्ह्यातील आजच्या एका खेड्याशी संबंध आहे. गेवराई तालुक्यातील गढी येथे जवाहर नवोदय विद्यालय आहे. सहावीपासून तेथे राहण्याजेवणासह विनामूल्य शिक्षण मिळते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात निघून जाणाऱ्या कुटुंबाला ह्या शाळेतील एक जागा म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. मुलाची वर्षानुवर्षांची फरपट तेथे थांबते. प्रवेशपरीक्षेच्या शंभर गुणांपैकी पन्नास मानसिक क्षमतेचे असतात, आणि ते सर्व प्रश्न आकृत्यांचे: वेगळी आकृती ओळखा, आरशातील प्रतिमा निवडा, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल ते सांगा. अशा आकृत्यांचा सराव केल्याने अशा आकृत्यांचे गुण वाढतात, ह्यात शंका घेण्याचे कारण नाही. थॉर्नडाइकच्या समान घटकांचा हा सरळ हिशेब आहे, आणि त्यासाठी मुलाने दोन-तीन महिने घासावे हे योग्यच होय. त्यासाठी पैसे मोजणाऱ्या बापाला कोणी हसू नये.

बापाने सावध राहावयाचे ते निराळ्या बोलीपासून. ह्या सरावाने मुलाची स्मरणशक्ती वाढेल, मग इतिहास असो की विज्ञान, सर्व विषय त्याला सोपे जातील, असे सांगून तोच सराव वर्षानुवर्षे विकला जातो, तेव्हा औटकीची जुनी स्तुतीच नव्या वेष्टनात त्याच्यापुढे आलेली असते. फरक एवढाच की, औटकीला बाजार तरी होता. उन्हात राबून आणलेल्या उचलीतील रक्कम आणि मुलाची संध्याकाळ, ह्या दोन्ही गोष्टी त्या घरात थोड्याच असतात.

गढीच्या परीक्षेतील उरलेल्या पन्नास गुणांपैकी पंचवीस अंकगणिताचे आणि पंचवीस भाषेचे आहेत. त्यांत अपूर्णांक येतात, शेकडेवारी येते, आणि उतारा वाचून उत्तरे द्यावी लागतात. घडीच्या कागदावरील भोके परीक्षेच्या दिवशी दुपारीच संपतात. अपूर्णांक आणि उतारा मात्र, निवड होवो वा न होवो, जूनमध्ये सहावीच्या पहिल्या आठवड्यातच पुन्हा समोर येतात.